वॉलपेपर लावताना काय चुकतं, आणि कुठल्या टप्प्यावर

वॉलपेपरचे सांधे उकलले, फुगे आले, कडा सुटल्या की पहिला दोष गोंदाला दिला जातो आणि दुसरा लावणाऱ्याला. मी आजवर जेवढे बिघडलेले वॉलपेपर उकलून पाहिले, त्यांत गोंद बहुतेक वेळा निर्दोष निघाला. कागदाच्या पाठीला पुट्टीचा किंवा जुन्या रंगाचा पापुद्रा चिकटून आलेला असायचा. म्हणजे गोंदाने आपलं काम चोख केलं होतं, भिंतीनेच हात सोडला होता.

म्हणून इथे चिकटवण्याच्या आधीच्या कामांवर जास्त जागा खर्च केली आहे. टप्प्यांचा क्रम बदलू नका. आणि एक गोष्ट सगळ्याच्या आधी: छताचा रंग, दारं-खिडक्यांच्या चौकटींचा रंग, फरशी घासणं, वायरिंगसाठी भिंत फोडणं, हे सगळं उरकल्याशिवाय वॉलपेपरचा विचारही नको. तो खोलीतलं शेवटचं मोठं काम असतो.

टप्पा १: आधी लेबल वाचा, मग डिझाइनच्या प्रेमात पडा

बाजारात मुख्यतः चार जाती मिळतात. साधा कागदी, विनाइल (वर प्लॅस्टिकचा थर, पाठ कागदी किंवा नॉनवोवन), नॉनवोवन (तंतू दाबून केलेली, न विणलेली पाठ) आणि पाठीला आधीच चिकट थर असलेला स्टिकर वॉलपेपर. कामाच्या दृष्टीने खरा प्रश्न एकच आहे: गोंद भिंतीला लावायचा की कागदाला?

नॉनवोवन पाठ पाण्याने फुगत नाही, त्यामुळे गोंद थेट भिंतीला लावायचा आणि कोरडा पट्टा (रोलमधून भिंतीच्या उंचीएवढा कापलेला तुकडा) वर बसवायचा. कागदी पाठ ओली झाली की रुंदीत काही मिलिमीटर वाढते. तिथे गोंद कागदाला लावून तो मुरू द्यावा लागतो, वाढायचं तेवढं भिंतीवर चढण्याआधी वाढू द्यावं लागतं. लेबलवरच्या छोट्या चित्रात ब्रश भिंतीवर टेकलेला आहे की कागदावर, हे बघितलं की उत्तर मिळतं. त्याच लेबलवर लाटांच्या खुणा असतात (किती पुसता येईल), सूर्याची खूण असते (उन्हात रंग किती टिकेल) आणि बाणांची खूण असते, ती पुढे कामाला येईल.

पहिल्यांदाच स्वतः लावणार असाल तर नॉनवोवन घ्या आणि बारीक, विखुरलेलं डिझाइन निवडा. उभ्या सरळ रेषांचं डिझाइन दुकानात फार देखणं दिसतं, पण घरातला एकही कोपरा ओळंब्यात (अगदी उभ्या सरळ रेषेत) नसतो, हे ते सगळ्यांना ओरडून सांगतं. आडव्या रेषा हेच छताबद्दल करतात.

तपासणी: प्रत्येक रोलवरचा बॅच नंबर एकच आहे ना? एकाच डिझाइनच्या दोन बॅचमध्ये छटेचा फरक असू शकतो. रोल शेजारी धरले तर कळणार नाही, भिंतीवर चढल्यावर मात्र नजर सारखी तिथेच जाईल.

टप्पा २: पट्टे मोजा, क्षेत्रफळ नव्हे

रोल कमी पडण्याच्या जवळजवळ सगळ्या तक्रारी इथे जन्मतात. भिंतीची लांबी गुणिले उंची, भागिले रोलचं क्षेत्रफळ, हा हिशेब रंगाला चालतो, वॉलपेपरला चालत नाही. कारण रोलच्या शेवटी उरलेला दीड मीटरचा तुकडा क्षेत्रफळात धरला जातो, पण भिंतीवर त्याचा काही उपयोग नसतो.

सर्वांत प्रचलित रोल ५३ सेंमी रुंद आणि १०.०५ मीटर लांब असतो. समजा भिंत ४०० सेंमी रुंद आणि २४० सेंमी उंच आहे.

रुंदी: ४०० भागिले ५३ म्हणजे ७.५५. पट्टे लागतील ८.
उंची: २४० अधिक वर-खाली ५-५ सेंमी कापायला, म्हणजे २५०.
साधा, डिझाइन न जुळवण्याचा कागद असेल तर १००५ भागिले २५०, म्हणजे एका रोलमधून जेमतेम ४ पट्टे. ८ पट्ट्यांना २ रोल.

आता त्याच भिंतीवर ५३ सेंमीने पुन्हा येणारं डिझाइन घ्या. प्रत्येक पट्टा डिझाइनच्या एकाच जागेपासून सुरू व्हायला हवा, म्हणून पट्ट्याची लांबी ५३ च्या पटीत धरावी लागते. २५० पुरे व्हायला ५३ च्या ५ पटी, म्हणजे २६५ सेंमी. १००५ भागिले २६५ म्हणजे ३.७९, पट्टे निघतील ३ च. ८ पट्ट्यांना ३ रोल. क्षेत्रफळाचा हिशेब मात्र दोन्ही वेळा २ च रोल सांगेल, कारण भिंत ९.६ चौ.मी. आणि रोल साधारण ५.३ चौ.मी.

लेबलवर ‘६४/३२’ अशी जोडी दिसली, तर डिझाइन ६४ सेंमीने पुन्हा येतं आणि शेजारचा पट्टा ३२ सेंमीने खाली सरकवून जुळतो. अशा कागदात पहिला, तिसरा, पाचवा पट्टा एकसारखा आणि दुसरा, चौथा, सहावा एकसारखा. दोन रोल एकाच वेळी उघडायचे, विषम पट्टे एकातून आणि सम दुसऱ्यातून कापायचे, म्हणजे वाया जाणं बरंच कमी होतं.

दार-खिडकीचं क्षेत्रफळ वजा करण्याच्या मोहात पडू नका. त्यांच्या वर-खाली जे छोटे तुकडे लागतात, तेही डिझाइन जुळवूनच कापावे लागतात. आणि हिशेब कितीही पक्का असला तरी एक रोल जास्तीचा, त्याच बॅचचा, घ्या.

भिंतीच्या मापाने छापून घेतलेलं एकच मोठं चित्र लावणार असाल, तर माप तीन ठिकाणी घ्या, त्यातलं मोठं धरा आणि चारही बाजूंनी किमान ५ सेंमी वाढवून सांगा. नेमक्या मापाचं चित्र नेमक्या मापात कधीच बसत नाही.

टप्पा ३: भिंतीच्या पाच परीक्षा

यांतली एकही गाळू नका. पाचही मिळून हाताचं काम अर्ध्या तासाचं आहे, पहिलीचा निकाल मात्र दोन दिवसांनी लागतो.

ओल. हात लावून ओल कळत नाही. साधारण दीड फूट चौकोनी पातळ प्लॅस्टिक भिंतीवर चारही बाजूंनी चिकटपट्टीने बंद करा आणि ४८ तास ठेवा. प्लॅस्टिकच्या भिंतीकडच्या बाजूला थेंब धरले तर ओल भिंतीतून येते आहे. खोलीकडच्या बाजूला धरले तर खोलीच्या हवेत दमटपणा आहे. स्नानगृहाला लागून असलेली भिंत, बाहेरून पाऊस झेलणारी भिंत आणि जमिनीलगतचा दीड-दोन फूट भाग, या तिन्ही ठिकाणी वेगवेगळं प्लॅस्टिक लावा. नव्या गिलाव्यालाही हीच परीक्षा. ‘महिना झाला, वाळला असेल’ हा अंदाज आहे, परीक्षा नाही.

रंगाची पकड. कटरने जुन्या रंगावर फुली मारा, वर चिकटपट्टी घट्ट दाबा आणि झटक्यात ओढा. पट्टीबरोबर रंग आला, तर उद्या वॉलपेपरबरोबरही तो येईल.

भुकटी. तळहात भिंतीवरून फिरवा. हाताला पांढरं लागलं तर तो चुना किंवा जुना डिस्टेंपर आहे. गोंद त्या भुकटीला चिकटेल, भिंतीला नाही.

पाणी पिणं. ओला स्पंज फिरवा. पाणी क्षणात गडप झालं तर भिंत गोंदातलं पाणीही तसंच ओढून घेईल आणि पट्टा सरकवायला वेळच मिळणार नाही. पाणी थेंबाथेंबाने ओघळलं तर ऑइलपेंट आहे, तिथे गोंदाला धरायला काही नाही.

सपाटी. रात्री दिवे घालवा, टॉर्च भिंतीला टेकवून प्रकाश भिंतीवरून आडवा जाऊ द्या. दिवसा गुळगुळीत वाटणाऱ्या भिंतीवर खिळ्यांचे खड्डे, पुट्टीच्या पट्टीचे फराटे आणि जुन्या ब्रशचे केस लांबच लांब सावल्या टाकून उभे राहतात. प्रत्येकाभोवती पेन्सिलने गोल करा. पेन्सिलनेच. बॉलपेन किंवा मार्करची शाई गोंदाच्या ओलीबरोबर वर येते आणि काही दिवसांनी फिक्या कागदावर उमटते.

थांबा: ओल निघाली तर इथेच काम बंद. विनाइलमधून भिंतीचा श्वास बाहेर पडत नाही. ओल आत कोंडते, गोंदावर बुरशी धरते, आणि वास यायला लागेपर्यंत बाहेरून काही दिसत नाही. ‘ओल झाकायला वॉलपेपर’ ही कल्पना ज्याने कोणी पसरवली, त्याने पुष्कळ भिंती नासवल्या आहेत. गळती शोधा, बाहेरच्या भेगा बुजवा, भिंत वाळू द्या, प्लॅस्टिक पुन्हा लावून बघा, मग पुढे.

टप्पा ४: भिंत तयार करणं

१. जुना वॉलपेपर असेल तर पूर्ण काढा. त्यावर नवा लावायचा नाही, जुना कितीही घट्ट असला तरी. नव्या गोंदाची ओल जुन्या कागदाला फुगवते आणि दोघे मिळून सुटतात. विनाइलचा वरचा थर बहुधा कोरडाच सोलून येतो. खालची कागदी पाठ कोमट पाण्याने भिजवा, दहा-पंधरा मिनिटं थांबा, मग पट्टीने काढा. शेवटी ओली बोटं भिंतीवरून फिरवा. बुळबुळीत लागलं तर जुना गोंद शिल्लक आहे, पुन्हा धुवा.

२. सुटलेला रंग, पोपडे, लोणा (ओलीबरोबर भिंतीवर येणारा पांढरा क्षार) काढून टाका. लोणा कोरड्या ब्रशने झाडायचा. पाण्याने धुतला तर क्षार विरघळून परत भिंतीतच मुरतो. आणि लोणा दिसला याचा अर्थ ओलीच्या परीक्षेत काहीतरी निसटलं, ती पुन्हा करा.

३. बुरशीचे डाग बुरशीनाशकाने मारा. डागावर नुसता रंग फासू नका.

४. खड्डे आणि भेगा पुट्टीने भरा. पूर्ण वाळल्यावर पॉलिशपेपरने घासा. ऑइलपेंटची भिंत चकाकी जाईपर्यंत घासायची. मास्क लावा आणि घासून झाल्यावर धूळ ओल्या फडक्याने टिपून घ्या. ही धूळ राहिली तर वरची सगळी मेहनत भुकटीवर उभी राहते.

५. प्रायमर. हा टप्पा सर्वांत जास्त गाळला जातो, म्हणून दोन ओळी जास्त. कोऱ्या पुट्टीवर थेट गोंद लावला की पुट्टी पाणी शोषते, गोंद अर्धवट वाळतो आणि पकड वरवरची राहते. उलट जिथे पकड बसते, तिथे चार वर्षांनी कागद काढताना पुट्टीही ढलप्यांनी निघते. अॅक्रिलिक प्रायमर, शक्यतो वॉलपेपरसाठीचा, दोन्ही अडचणी टाळतो. भिंत एकसारखं पाणी पिते आणि कागद काढायची वेळ आली तर तो भिंतीला न दुखवता निघतो. डब्यावर लिहिलेल्या वेळेपेक्षा लवकर पुढे जाऊ नका, दमट दिवसांत तर रात्रभर थांबाच.

भिंतीचा रंग एकसारखा झाला का, हेही इथेच बघा. निळ्या भिंतीवर पांढऱ्या पुट्टीचे ठिपके असतील तर पातळ फिक्या कागदातून ते दिसतात. उलट गडद कागद लावणार असाल तर जिथे जिथे सांधा येणार, तिथे भिंतीवर त्याच रंगाचा तीन-चार बोटं रुंद पट्टा आधी मारून ठेवा. कागद वाळून केसभर आकसला तरी सांध्यातून पांढरी रेघ डोकावणार नाही.

टप्पा ५: पहिला पट्टा कुठे, शेवटचा कुठे

गोंद कालवण्याआधी पेन्सिलने भिंतीवर सगळ्या पट्ट्यांच्या जागा आखा. एकच भिंत सजवायची असेल तर शेवटी किती रुंदीचा पट्टा उरतो ते बघा. वरच्या उदाहरणात ७ पूर्ण पट्टे ३७१ सेंमी घेतात, २९ उरतात, ठीक आहे. पण ३ किंवा ४ सेंमीची चिरफळी उरत असेल तर सुरुवात सरकवा. तेवढी अरुंद पट्टी कोपऱ्यात सरळ बसवणं अनुभवी हातालाही जड जातं.

मोठं, ठसठशीत डिझाइन असेल तर ते भिंतीच्या मध्यावर यायला हवं, नाहीतर पलंगाच्या किंवा सोफ्याच्या मागे तिरपागडं दिसतं. अशा वेळी मधून सुरू करून दोन्ही बाजूंना जा.

पूर्ण खोली करत असाल तर एक गोष्ट मान्य करून टाका: जिथे शेवटचा पट्टा पहिल्याला भेटेल, तिथे डिझाइन जुळणार नाही. ती भेट कुठे घडवायची एवढंच आपल्या हातात आहे. दाराच्या वरचा तुकडा किंवा उघड्या दारामागचा कोपरा उत्तम.

टप्पा ६: ओळंबा

कोपरा सरळ आहे असं गृहीत धरून कोपऱ्याला लावून पहिला पट्टा बसवणं ही या कामातली सर्वांत महाग चूक आहे. मी स्वतः ती केली आहे. कोपरा छतापासून जमिनीपर्यंत दीड सेंमी कलला होता. पहिला पट्टा कोपऱ्याला अगदी तंतोतंत बसला, दुसराही छान वाटला. पाचव्या पट्ट्यापर्यंत आलो तेव्हा छताजवळची फुलांची रांग पायऱ्यांसारखी चढत गेलेली होती. पाचही पट्टे काढले.

म्हणून कोपऱ्यापासून रोलच्या रुंदीपेक्षा दीड सेंमी कमी अंतरावर खूण करा. ५३ च्या रोलला ५१.५. तिथे ओळंबा, म्हणजे दोऱ्याला टांगलेलं वजन, सोडा, दोरा डुलायचा थांबला की त्यामागे पेन्सिलने फिकट ठिपके देत खाली या आणि लांब पट्टीने जोडा. लेझर लेव्हल असेल तर काम सोपं, पण साधा ओळंबा तितकाच खरा आहे. पहिला पट्टा या रेषेला लागेल. कोपऱ्याकडे उरणारा दीड सेंमी कोपऱ्यात दाबून कापायचा, आणि पूर्ण खोली असेल तर तो पुढच्या भिंतीवर वळवायचा.

तपासणी: रेषेपासून कोपऱ्यापर्यंतचं अंतर वर, मध्ये आणि खाली मोजा. कुठेही ते रोलच्या रुंदीपेक्षा जास्त निघालं तर तिथे कागद कोपऱ्यापर्यंत पोचणारच नाही. रेषा आताच कोपऱ्याकडे सरकवा.

टप्पा ७: कापणी

टेबल, मोजपट्टी, पेन्सिल, लांब कात्री. पहिला पट्टा भिंतीच्या उंचीपेक्षा १० सेंमी लांब कापा. दुसरा पट्टा कापताना त्याच मापाने कापू नका. रोल पहिल्या पट्ट्याशेजारी उलगडा, डिझाइन जुळवा, मग कापा. प्रत्येकाच्या पाठीवर पेन्सिलने क्रमांक आणि वरच्या टोकाला बाण. डिझाइन उलटं-सुलटं सारखंच दिसतं अशा कागदात हा बाण वाचवतो.

लेबलवर एक बाण वर आणि एक खाली असेल तर एकाआड एक पट्टा उलटा लावायचा आहे. हे ऐकायला विचित्र वाटतं, पण एकरंगी कागदात रोलच्या एका काठाकडून दुसऱ्याकडे छटा किंचित बदललेली असू शकते. उलटं लावल्याने सारखी कड सारख्या कडेला भेटते.

थांबा: सगळे रोल एका दमात कापून ठेवू नका. तीन पट्टे लागले की थांबा, दिवसाच्या उजेडात दहा फुटांवरून बघा. छपाईत दोष असेल तर तो आत्ताच दिसेल. न कापलेला रोल बदलून मिळण्याची शक्यता असते, कापलेला बहुधा गळ्यातच पडतो.

टप्पा ८: गोंद

जड विनाइलला हलका गोंद चालत नाही, कागदाच्या जातीप्रमाणेच घ्या. भुकटीचा असेल तर थंड पाणी ढवळत राहून त्यात भुकटी सोडा. भुकटीवर पाणी ओतलं की गाठी होतात आणि प्रत्येक गाठ भिंतीवर मुरुमासारखी दिसते. पुडीवर सांगितला तेवढा वेळ ठेवा, पुन्हा ढवळा. जुन्या घरगुती खळीचा आग्रह धरू नका. पिठाची खळ पतंगाला ठीक, भिंतीवर ती झुरळांना आणि कसरीला आमंत्रण देते.

गोंद भिंतीला लावायचा असेल तर एका वेळी एकाच पट्ट्यापुरता, रुंदीला पाच सेंमी जास्त. रोलरने मधला भाग, पण वर-खाली आणि कोपऱ्यात ब्रशने. रोलर तिथे पोचत नाही आणि कडा नेमक्या तिथूनच सुटतात.

गोंद कागदाला लावायचा असेल तर मधून कडेकडे ब्रश मारा, मग दोन्ही टोकं गोंदाला गोंद लागेल अशी मध्याकडे दुमडा. घडी दाबायची नाही. लेबलवर असेल तेवढी मिनिटं ठेवा आणि प्रत्येक पट्ट्याला तेवढीच द्या. एक पट्टा पाच मिनिटं मुरला आणि दुसरा फोनवर बोलता बोलता पंधरा मिनिटं, तर दोघे वेगवेगळे वाढतात आणि वर जुळलेलं डिझाइन खाली जुळत नाही.

टप्पा ९: पट्टा बसवणं

पंखा आणि एसी बंद. वरची कड छतावर पाच सेंमी चढेल असा पट्टा धरा, उभी कड ओळंब्याच्या रेषेला लावा आणि वरचा फूटभर भागच आधी टेकवा. खालचा भाग सैल लोंबू द्या. तळहाताने सरकवून कड रेषेशी जुळली की प्लॅस्टिकच्या पट्टीने किंवा मऊ ब्रशने मधून वर, मग मधून दोन्ही बाजूंना, असं करत खाली या. हवा कडेकडून बाहेर निघाली पाहिजे. कडा आधी दाबल्या तर हवा मध्ये कोंडते.

तिरका गेला तर ओढून सरळ करू नका, अर्धा सोडवा आणि पुन्हा बसवा. ताणलेला कागद वाळताना परत आकसतो आणि सांधा उघडा पडतो.

दुसरा पट्टा पहिल्याच्या कडेला कड भिडवून. एकावर एक चढवायचा नाही आणि मध्ये फटही नाही. डिझाइन नजरेच्या उंचीला आधी जुळवा, छताजवळ केसभर फरक राहिला तर तो कोणी बघत नाही.

वर-खाली कापताना रुंद पत्र्याची पट्टी कोपऱ्यात दाबा आणि तिच्या कडेने कटर चालवा. पट्टी पुढे सरकवताना कटरचं पातं भिंतीतच टेकलेलं ठेवा, उचलू नका, म्हणजे रेघ तुटत नाही. आणि पातं मोडत राहा. दर एक-दोन कापांनंतर नवं टोक. ओला कागद बोथट पात्याने कापला जात नाही, फाटतो, आणि फाटलेल्या कडेचा पांढरा गाभा दिसत राहतो. पात्यांत काटकसर करणारे लोक कागद वाया घालवतात.

वर आलेला गोंद तिथल्या तिथे ओलसर स्वच्छ स्पंजने टिपा, घासू नका. पाणी वारंवार बदला. वाळलेला गोंद मॅट कागदावर चकाकतो आणि मग निघत नाही. सांध्यावरून दहा-पंधरा मिनिटांनी छोटा रोलर हलक्या हाताने फिरवा. उठावदार कागदावर मात्र रोलर नको, नक्षी दबून सांध्यावर सपाट रेघ पडते. तिथे स्पंजनेच दाबा.

टप्पा १०: कोपरे, स्विच, खिडक्या

आतला कोपरा. पूर्ण पट्टा कोपऱ्यातून वळवू नका. वाळताना तो ताणला जातो आणि कोपऱ्यात पोकळ उभा राहतो. शेवटच्या पट्ट्यापासून कोपऱ्यापर्यंतचं अंतर वर, मध्ये, खाली मोजा, सर्वांत मोठं माप घ्या, दीड सेंमी मिळवा आणि पट्टा उभा कापा. दीड सेंमी पुढच्या भिंतीवर वळेल. उरलेला तुकडा त्यावर चढवून कोपऱ्यात लावा, पण पुढच्या भिंतीवर नवा ओळंबा टाकूनच. विनाइलवर विनाइल चढतं तिथे नेहमीचा गोंद पकडत नाही, सांध्यासाठीचा वेगळा गोंद लागतो.

स्विचबोर्ड. मेन स्विच बंद करा आणि टेस्टरने खात्री करा. प्लेट सैल करून पुढे ओढा, पट्टा वरून येऊ द्या, बॉक्सच्या मध्यापासून चार कोपऱ्यांकडे फुली कापा आणि पाकळ्या कापून टाका. कागद प्लेटखाली जेमतेम पाच मिमी जावा. धातूचा वर्ख असलेला कागद वीज वाहून नेऊ शकतो. तो प्लेटखाली अजिबात घालायचा नाही, प्लेटच्या बाहेरच कापायचा.

खिडकी-दार. पट्टा चौकटीवरून सरळ खाली सोडा, चौकटीचा कोपरा बोटाने चाचपा आणि त्या टोकापर्यंत तिरका काप द्या. कागद आपोआप चौकटीच्या दोन्ही बाजूंना बसतो. काप कोपऱ्याच्या पलीकडे गेला तर लपवता येत नाही, म्हणून दोन मिमी अलीकडेच थांबा.

टप्पा ११: वाळू द्या

काम संपलं की पंखा पूर्ण वेगात सोडायचा मोह होतो. सांधे उघडण्याचं हे एक मोठं कारण आहे. गोंद धरण्याआधीच कागद आकसतो. खिडक्या लावून, पंखा-एसी बंद ठेवून किमान २४ तास, दमट हवेत ४८ तास, नैसर्गिकपणे वाळू द्या.

पहिल्या रात्री छोटे फुगे दिसले तर घाबरून टोचत बसू नका. बरेचसे वाळताना बसतात. दोन-तीन दिवसांनीही राहिलेल्या फुग्यात डिझाइनच्या रेषेवर बारीक चीर द्या, सुईच्या पिचकारीने गोंद सोडा, दाबा, पुसा. सुटलेली कड असेल तर आधी ती का सुटली ते बघा. पाठीला पुट्टी आली असेल तर नुसता गोंद पुन्हा लावून भागणार नाही, तेवढी जागा घासून प्रायमर मारावा लागेल.

स्टिकर वॉलपेपर वेगळा का

यात गोंद नाही, वाळवणं नाही, म्हणून लोक भिंतीची तयारीही नाही असं समजतात. उलट आहे. ओला गोंद बारीक खाचखळगे थोडेफार भरून काढतो, स्टिकर प्रत्येक कण दाखवतो. त्याला गुळगुळीत, धुतलेली, किंचित चमक असलेल्या रंगाची भिंत लागते. खरबरीत पोतावर तो टिकत नाही. नुकता रंग दिला असेल तर तीन-चार आठवडे थांबा.

मागचा कागद एकदम सोलू नका. वरचा २०-३० सेंमी सोला, ओळंब्याला जुळवा, टेकवा, मग एका हाताने मागचा कागद खाली ओढत दुसऱ्या हाताने दाबत या. चुकला तर हळूच मागे सोडवा, पण ताणू नका. प्लॅस्टिकचा पत्रा एकदा ताणला की डिझाइन लांबतं आणि मग शेजारच्याशी कधीच जुळत नाही. शेगडीच्या मागे किंवा भिंत तापते अशा कुठल्याही जागी तो लावूच नका.

उरलेला कागद गुंडाळून कपाटात ठेवा, लेबलसकट. बॅच नंबर पाठीवर लिहून ठेवा. पुढे कधी ठिगळ लावावं लागलं, तर कपाटातला तुकडा भिंतीवरच्यापेक्षा ताजा दिसेल, कारण भिंतीवरच्याने ऊन खाल्लेलं असेल. दोन हात लांबीचा एक तुकडा त्याच खोलीत, कपाटाच्या मागच्या भिंतीवर चिकटपट्टीने लावून ठेवला तर त्याला खोलीची हवा आणि थोडाफार उजेड तरी मिळतो. ठिगळ लावताना नवा तुकडा खराब भागावर डिझाइन जुळवून धरा, दोन्ही थरांतून एकदमच कापा, खालचा काढा आणि वरचा त्याच जागी बसवा.